मामांची जागा

आमच्या शाळेतल्या शिपाईमामांना कुणी कधी प्रशिक्षणाला पाठवले नाही. शिक्षकांना उन्हाळी सुटीत पाठवत, हेडसर वर्षातून एकदा पुण्याला जात, क्लार्कभाऊसाहेबांच्या जिल्ह्याच्या गावी पगारबिलांसाठी खेपा होत. मामा आपले शाळेतच. व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले द्यायचे, टाकी भरायची, सूचनावही वर्गावर्गांतून फिरवायची आणि मधल्या वेळात लाकडी स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायचे, एवढेच त्यांचे काम. कागदावर तरी एवढेच.

एखादे पोर बिथरले, वर्गात थैमान घालू लागले, कोपऱ्यात जाऊन भिंतीवर डोके आपटू लागले की बोलावणे मात्र मामांनाच जायचे. शाळा कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावातली, अनुदानित माध्यमिक. काळ १९८०च्या दशकातला. एकेका वर्गात साठ-सत्तर मुले. त्यांत गावातली, वाड्यावस्त्यांवरून सायकल मारत येणारी, आणि कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड कामगारांची चार-दोन. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता, त्यात मला चांगले गुणही होते. पण मूल बाक उलटे करत असताना त्याच्यासमोर कसे उभे राहायचे, हे त्या पेपरात नव्हते.

ते मी मामांकडून पाहिले. आठवीचा वर्ग, गणिताचा तास. सरांनी एका मुलाला फळ्यासमोर उभे केले, त्याला उदाहरण येईना, आणि सर त्याच्या बापाच्या दारूवर काहीतरी बोलून गेले. वर्ग हसला. मुलाने कंपासपेटी भिरकावली, बाक उलथवला आणि खिडकीचे गज धरून असा ओरडू लागला की शेजारच्या वर्गातून मी धावत आले. सर छडी उगारून उभे, मुलगा ‘या, मारा’ म्हणतोय, आणि पोरे बाकांवर चढून बघतायत. मामा दारात आले. आत शिरायची घाई त्यांनी केली नाही. आधी मुलांकडे बघून म्हणाले, “पोरांनो, पळा गराउंडावर, पीटीच्या सरांनी बोलावलंय.” कुणी बोलावले नव्हते. वर्ग रिकामा झाला. मग सरांकडे वळून, “सर, तुमास्नी हेडसर याद करत्यात.” हेही खोटेच. सर गेले. आता वर्गात तो मुलगा, मामा आणि दारापाशी मी.

मामा दोन बाक सोडून, मुलाकडे तोंड न करता आडवे बसले आणि खाली सांडलेले कंपासपेटीतले सामान वेचू लागले. कोनमापक, पट्टी, पेन्सिलीचा तुकडा. बराच वेळ एक शब्द नाही. मुलाचे ओरडणे थांबून त्याचे हुंदके झाले तेव्हा ते म्हणाले, “कर्कटक कुटं गेलं रं?” मुलाने पायानेच दाखवले. मामांनी ते उचलून स्वतःच्या खिशात टाकले. मला वाटले, म्हातारा नीटनेटका आहे. टोकदार वस्तू त्याच्या हाताशी राहू नये हा हिशोब होता, हे कळायला मला बरीच वर्षे जावी लागली. मग ते उठले. “चल, टाकीचा कॉक बंद करायचाय. माज्या एकट्याच्यानं फिरत न्हाई.” आणि तो मुलगा, पाच मिनिटांपूर्वी जो चौघांनी धरूनही आवरला नसता, नाक पुसत त्यांच्यामागे गेला. दोघांनी मिळून कॉक फिरवला. नंतर टाकीच्या सावलीत बसून मामांच्या फडक्यातली भाकरी त्याने खाल्ली. बापाबद्दल मामांनी काही विचारले नाही. त्यांना ठाऊकच होते. मुलाचे घर त्यांच्या गल्लीच्या मागच्याच आळीत होते, आणि आदल्या रात्रीचा दंगा त्यांनी ऐकलेला होता.

गेल्या वर्षी आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला निवृत्तांपैकी काहींना आवर्जून बोलावले होते. विषय होता, वर्गात मूल अनावर झाले तर शाळेने काय करावे. सांगायला आलेली समुपदेशक मुलगी माझ्या नातीपेक्षा थोडीच मोठी असेल. तिने पडद्यावर एक टेकडी काढली. डावीकडे सपाटी, मग चढ, मग शिखर, मग उतार. जेफ कॉल्विन आणि जॉर्ज सुगाई या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकाअखेरीस मांडलेल्या सात पायऱ्या ती समजावत होती : मूल शांत असते, काहीतरी खुपते, चुळबूळ सुरू होते, मग पारा चढत जातो, कळस होतो, उतार लागतो आणि शेवटी गाडी रुळावर येते. मोठ्या माणसाचे खरे काम पहिल्या तीन पायऱ्यांवरचे. शिखरावर पोचलेल्या मुलाशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूचा भाग, अमिग्डाला, त्या वेळी सगळा ताबा घेऊन बसलेला असतो. विचार करणारा भाग तेव्हा फोन उचलत नाही. छाती धडधडत असते, मुठी आवळलेल्या असतात. सारे शरीर निवायला वीस-तीस मिनिटे सहज जातात. तोवर ‘असं का केलंस?’ विचारायचे नाही आणि ‘सॉरी म्हण’ तर मुळीच म्हणायचे नाही. ते तापल्या तेलात पाणी शिंपडण्यासारखे.

पुढच्या पडद्यावर करायच्या गोष्टी आल्या. बघे हटवा. मुलाला वर्गापासून दूर नेता येत नसेल तर वर्गाला त्याच्यापासून दूर न्या. ज्या मोठ्या माणसाशी खटका उडाला त्याला बाजूला करून दुसऱ्याने पुढे व्हा. छाती पुढे काढून समोरासमोर उभे राहू नका, थोडे तिरके आणि हातभर लांब राहा. उंची कमी करा, म्हणजे बसा. आवाज खाली. शब्द थोडे. टोकदार, जड वस्तू हळूच दूर करा. दाराची वाट अडवू नका. ‘डोळ्यांत बघ माझ्या’ असा हट्ट धरू नका. उतार लागला की हाताला झेपेल असे छोटे काम द्या. खरे बोलणे नंतर, पोटात काही गेल्यावर.

माझ्या शेजारी बसलेले निवृत्त मुख्याध्यापक मला म्हणाले, “बाई, या पोरीनं आपल्या मामांना बघितलं होतं की काय?” तिचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. खोटे बोलून वर्ग रिकामा करण्यापासून भाकरीपर्यंत सगळे त्या पडद्यावर ओळीने उतरले होते.

आता इथे थांबून ‘गेले ते दिवस’ म्हणायचा मोह होतो. पण गेलेल्या त्या दिवसांत आणखी काय काय होते, तेही सांगितले पाहिजे.

वेताची छडी होती. ती आणायला मुलालाच ऑफिसात पाठवायची पद्धत होती. अंगठे धरणे होते, ओणवे करून पाठीवर डस्टर ठेवणे होते, बाकावर उभे करणे होते, दोन बोटांत पेन्सिल धरून दाबणे होते. नेम धरून खडू मारणाऱ्या सरांचे तर कौतुक व्हायचे, आणि आजही माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तेच सर भाव खाऊन जातात. मार खाल्लेली मुले साठीला आली की ‘म्हणून तर आम्ही घडलो’ असे सांगतात. जी घडली नाहीत, ती मेळाव्याला येत नाहीत. आठवीतून शाळा सोडून गेलेल्या, वीटभट्टीवर किंवा मुंबईला हॉटेलात लागलेल्या मुलांचे मत कुणी विचारले नाही.

शिवाय मामा कुणाच्या वाट्याला यायचे आणि छडी कुणाच्या, यातही गाव होतेच. सोसायटीच्या चेअरमनच्या मुलाने काच फोडली तर ‘वयच अल्लड’. ऊसतोडीच्या पोराने फोडली तर हेडसरांची खोली, आणि बापाला कारखान्याच्या पालावरून बोलावणे. बाप दिवसाची मजुरी बुडवून यायचा आणि सगळ्यांसमोर पोराला तुडवायचा. त्यावर स्टाफरूममध्ये ‘शिस्त लागली’ म्हणून चहा व्हायचा. मामा अशा वेळी स्टुलावरून उठून टाकीकडे निघून जात. त्यांची पोच तिथवरच होती.

मामांनाही सगळे कळत होते असे नाही. मोठ्या मुलाच्या डोळ्यांत पाणी दिसले की ‘बाप्या मानसानं रडायचं न्हाई’ हे ठरलेले. मुलींच्या बाबतीत ते बाजूला राहत, आणि मुलींचे म्हणून जे काही होते ते आम्हा दोन-तीन बायांवर पडे. नववीतली एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी अधूनमधून ताठ होऊन पडायची. कुणी कांदा फोडून नाकाला लावायचे, कुणी चप्पल हुंगवायचे, कुणी दातखीळ उघडायला चमचा घालायचे. कुणी म्हणायचे अंगात येते. फीट आलेल्या माणसाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचे, घड्याळ बघायचे आणि पाच मिनिटांत थांबले नाही तर दवाखाना गाठायचा, हे आज शाळेतल्या पाचवीच्या मुलांनाही शिकवता येते. तेव्हा आम्हा पदवीधरांना ठाऊक नव्हते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये आय.पी.एच. ही संस्था सुरू केली, मनाच्या आजारांवर मराठीत मोकळेपणाने बोलले जाऊ लागले, ते सगळे आमच्या तालुक्याला पोचायला आणखी बरीच वर्षे लागली. अक्षरे उलटी लिहिणारा मुलगा ‘ढ’ होता. एका जागी न बसणारा ‘वांड’ होता. तिसरा शब्द आमच्याकडे नव्हता.

मायेची परंपरा मराठी शाळेत नव्हती असे कुणी म्हणू नये. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडत आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढत. ते १९२०चे दशक. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिक्षेशिवाय बालवाड्या चालवून दाखवल्या. आम्ही त्यांच्या जयंत्या साजऱ्या करत होतो. भाषण देणारा मुलगा वाक्य विसरला की त्याचा कान पिळत होतो.

१ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याचे १७वे कलम मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना बंदी घालते. स्टाफरूममध्ये त्यावर जी चर्चा झाली ती मला शब्दशः आठवते, कारण ती एकाच वाक्याची होती : “मारायचं नाही, तर मग करायचं काय?” प्रश्न खवचटपणे विचारला गेला होता, पण प्रश्न खरा होता. कायद्याने छडी काढून घेतली ते उत्तमच केले. रिकाम्या झालेल्या हाताने काय करायचे, हे मात्र कुणी शिकवले नाही. मग हाताचे काम जिभेकडे गेले. टोमणे वाढले, वर्गाबाहेर काढणे वाढले, ‘उद्या पालकांना घेऊन ये’ वाढले. कलमातला ‘मानसिक छळ’ हा भाग परिपत्रकाच्या घडीतच राहिला.

तरीही, आज मूल म्हणून शाळेत जायचे की त्या काळी, असे मला कुणी विचारले तर मी डोळे झाकून आजचा काळ निवडेन. कारण सांगते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता एका प्राथमिक शाळेत शिकवते. तिच्या पाचवीच्या वर्गात एक स्वमग्न मुलगा आहे. तो बोलतो कमी, आकडे भराभर सांगतो, मोठा आवाज त्याला सोसत नाही. गणेशोत्सवाच्या आधी शेजारच्या मैदानावर ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला आणि तो कानांवर हात दाबून भिंतीवर डोके आपटू लागला. मी त्या दिवशी सहज भेटायला गेले होते म्हणून पाहिले. बाईंनी बोट वर केले तशी मुले रांगेने बाहेर गेली. तशी सवय त्यांना आधीच लावलेली होती. जाता जाता शेवटच्या मुलीने खिडक्या लावून घेतल्या. बाईंनी भिंत आणि त्याचे डोके यांच्यामध्ये स्वतःचे जाकीट सरकवले. त्याला धरले नाही. जमिनीवर बसल्या, गप्प राहिल्या. शेजारच्या बाईंनी जाऊन पथकवाल्यांना विनंती केली. बऱ्याच वेळाने त्याची झुलण्याची लय मंदावली तेव्हा त्यांनी पाण्याच्या पेल्याचे चित्र असलेले कार्ड पुढे केले. त्याने त्यावर बोट ठेवले. पाणी प्यायला, आणि भिंतीवरच्या फरशा मोजू लागला. मुले परत आली. कुणी हसले नाही. संध्याकाळी आईला निरोप गेला तो तक्रारीचा नव्हता. उद्यापासून कानांवर लावायचे हेडफोन दप्तरात ठेवा, एवढाच.

आमच्या काळात हा मुलगा बिथरलाच नसता, कारण तो शाळेत आलाच नसता. ‘त्याच्यावर बाहेरचं काहीतरी झालंय’ म्हणून घरात राहिला असता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. स्वमग्नता त्यात आहे, वाचन-लेखनातल्या विशिष्ट अडचणी आहेत, मानसिक आजार आहे. कागदावर शब्द आला की निदान शाळेला दार बंद करता येत नाही. दुपारच्या खिचडीचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने २००१च्या नोव्हेंबरमध्ये शिजवलेले अन्न द्या म्हणून आदेश दिला आणि पुढे चुली पेटल्या. तिसऱ्या-चौथ्या तासाला उगाच मारामाऱ्या करणारी किती मुले तेव्हा नुसती उपाशी होती, हे खिचडी सुरू झाल्यावर कळले. मामांना फडक्यातली भाकरी वाटून घ्यायची वेळ येत होती, त्यातच सगळे आले.

आजच्या अडचणी वेगळ्या आहेत. बघे हटवा म्हणतात. साठ मुलांना मैदानावर पिटाळता येत होते. खिशातल्या मोबाइलला कुठे पिटाळणार? शाळेत आणायचा नाही असा नियम आहे, तरी दोन-चार असतातच. एखाद्या मुलीचा तोल गेला, ती किंचाळली, की पंधरा सेकंदांची चित्रफीत मधल्या सुटीच्या आत पालकांच्या ग्रुपवर. त्या पंधरा सेकंदांत बाईंनी हात धरलेला दिसतो, तो का धरला हे दिसत नाही. मग फाटकावर पालक, आणि त्या मुलीला उरलेली सारी वर्षे त्या पंधरा सेकंदांसोबत काढायची. आमच्या वेळी दहावीतल्या मुलांना आठवीतला दंगा आठवत नसे. विसरण्याची ती सोय संपली.

स्पर्शाचेही तसेच. मामा नि:संकोच पाठीवर हात ठेवत. आज कुणी ठेवत नाही, आणि ठेवू नये हेच बरे. २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याची तक्रार आली, आरोप शाळेतल्या कंत्राटी सफाई कामगारावर होता, आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर कॅमेरे आले, चारित्र्य पडताळणी आली. ती हवीच होती. मामांना कोणी पडताळले नव्हते, कारण गावच त्यांची पडताळणी होती, असे आम्ही म्हणतो. पण गावाला सगळे ठाऊक असते हा गावाचा समज आहे. कित्येक मुलींना विचारले असते तर तो टिकला नसता.

वेळ ही आणखी एक गोष्ट. आजच्या शिक्षकाला यू-डायसची माहिती भरायची असते, फोटो चढवायचे असतात, मतदारयादीच्या कामाला बी.एल.ओ. म्हणून घरोघर फिरायचे असते. चुळबूळ करणाऱ्या मुलाकडे पहिल्या तीन पायऱ्यांवरच लक्ष जावे, असे प्रशिक्षणात सांगतात. लक्ष जायला मान वर तर व्हायला हवी. मामांना ते जमायचे, कारण व्हरांड्यात बसून बघत राहणे त्यांना परवडत होते. सकाळी फाटकातून येतानाच त्यांना कळायचे की आज अमक्याचे बिनसलेले आहे. मग ते त्याला पहिल्याच तासाला खडू आणायला, दुसऱ्या तासाला वही फिरवायला बोलवत. कित्येक वादळे अशी वर्गात पोचलीच नाहीत. त्यांची नोंद कुठेच नाही.

१ मेचा दिवस मामा विशेष जपत. झेंडावंदन झाले की निकालपत्रके वाटली जात आणि नापास मुलांची नावे सगळ्यांसमोर कळत. पेढे खाणाऱ्यांकडे आमचे लक्ष. मामांचे लक्ष फाटकातून एकटा बाहेर पडणाऱ्याकडे. तो घराच्या रस्त्याने न जाता नदीकडे वळला, की मामांना नेमके त्याच बाजूला काहीतरी काम निघे. “मला बी तिकडंच जायचंय,” म्हणत ते त्याला त्याच्या आळीच्या तोंडाशी सोडून येत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची नोंद आहे, आणि परीक्षेतल्या अपयशामुळे गेलेल्यांची संख्या २,२४८ आहे. आज दहावी-बारावीचा निकाल दुपारी एक वाजता मोबाइलवर लागतो. मूल घरात, दाराआड, एकटे. बोर्ड समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करते, हे चांगलेच आहे. पण फोन मुलाने करायचा असतो. मामा आपण होऊन जात.

मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. त्यांच्या जागी दुसरे आले, तेही पुढे निवृत्त झाले. मग ११ डिसेंबर २०२०चा शासन निर्णय आला. खासगी अनुदानित शाळांतली शिपाई, पहारेकरी, चौकीदार अशी चतुर्थश्रेणीची पदे रिकामी होतील तशी संपतील आणि त्यांच्याऐवजी शाळेला ठोक ‘शिपाई भत्ता’ मिळेल, असे त्यात होते. सरकारी भाषेत पद व्यपगत झाले. घंटा विजेवर वाजते, टाकीला सेन्सर आहे, सूचना ग्रुपवर येते, व्हरांड्यात कॅमेरा आहे. हिशोब करणाऱ्याला शिपायाचे काम उरलेलेच दिसले नाही. त्याचे काय चुकले? कागदावर खरेच तेवढेच काम होते. भत्त्यात येतो तो माणूस सकाळी झाडून जातो आणि दुपारी दुसरीकडे राबतो. मुलांची नावे त्याला ठाऊक होण्याआधी तो बदलतो.

त्यानंतर साडेचार वर्षांनी, २५ जुलै २०२५ला, एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आणि वर्षातून किमान दोनदा सगळ्या शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना मनाच्या प्रथमोपचाराचे, धोक्याच्या खुणा ओळखण्याचे प्रशिक्षण सक्तीचे. ‘शिक्षकेतर’ हा शब्द मी त्या सूचनांच्या बातमीत दोनदा वाचला. मामांना प्रशिक्षणाला पाठवायची बुद्धी अखेर कुणाला तरी झाली, तीही देशातल्या सर्वात मोठ्या न्यायालयाला. पाठवायला मामाच उरले नाहीत.

परिषदेच्या शेवटी प्रश्न विचारा म्हणाल्यावर मी त्या समुपदेशक मुलीला विचारले, तुझ्याकडे किती शाळा? ती हसली आणि म्हणाली, “बाई, मी पोचते तोवर मूल घरी गेलेलं असतं.” तिचा दोष नाही. संकटातल्या मुलाला लागते ते माणूस त्याच मिनिटाला, त्याच आवारात, त्याच्या ओळखीचे असावे लागते. समुपदेशक हवाच, पण तो दुसऱ्या दिवशीचा माणूस आहे.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांना माझे सांगणे आहे. पुढच्या बैठकीत रंगरंगोटीच्या आधी हा विषय घ्या. मूल अनावर झाले तर त्याच्यापाशी कोण जाणार आणि वर्ग बाहेर कोण नेणार, हे नावानिशी ठरवा. खिचडी शिजवणाऱ्या मावशी, बसमधल्या ताई, रिक्षावाले काका यांनाही त्या प्रशिक्षणाला बसवा, कारण मूल आधी त्यांच्यापाशीच फुटते. मुलांसाठीचा १०९८ आणि टेलि-मानसचा १४४१६ हे दोन नंबर ऑफिसात फाइलवर नकोत, मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दारामागे लावा, तिथे कुणी बघत नसताना वाचता येतात. आणि शिक्षण खात्याला विनंती अशी की भत्ता राहू द्या, माणूस द्या. पूर्णवेळ, पडताळलेला, शिकवलेला, आणि निदान एक पिढी शाळेतून बाहेर पडेपर्यंत त्याच व्हरांड्यात टिकणारा. चतुर्थश्रेणीची पदे पुन्हा भरा.